दीपाताईचा असोला नारळ

भारताकडून रग्बी खेळलेली एक तरी बाई तुम्हाला ठाऊक आहे का? लाजू नका. गुहागरजवळच्या आमच्या गावात ती राहत होती, तरी गावाने तिच्या सत्काराच्या बॅनरवर क्रिकेटची बॅट छापली.

दीपाताईचं नाक दोनदा मोडलेलं. एकदा परदेशात सामन्यात, एकदा चिपळूणच्या एसटीत जागा धरताना. "दुसरी मॅच जास्त अवघड होती," ती सांगायची. गुडघ्याने दगा दिला तेव्हा ती गावी परतली आणि शाळेमागच्या गावमैदानात पोरींना रग्बी शिकवू लागली. चेंडू एकच. तो फाटला, तेव्हा तिने असोला, म्हणजे न सोललेला, सोडणासकटचा नारळ आणला. तो काखेत मारून पोरी धावायच्या आणि ताई बांधावरून ओरडायची, "पुढं फेकू नको गो! मागं कोण हाय बघ, तिला दे!"

रग्बीचा नियमच तसा. हाताने चेंडू पुढे टाकायचा नाही, मागच्यालाच द्यायचा. आमच्या पुढाऱ्यांना नेमकं हेच जमत नाही.

त्याच मैदानात झालेल्या सत्कारात पंचायत समितीच्या सभापतींनी ताईला शाल पांघरली आणि त्याच दमात जाहीर केलं, की मैदानात पर्यटकांच्या गाड्यांसाठी पार्किंग होणार. टाळ्या पडल्या. पोरींचे चेहरेही पडले. ताईने शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि पोरींचा असोला सभापतींच्या हातात दिला.

"भाऊ, हा घेऊन त्या फणसापर्यंत जायचं. पोरी आडव्या येतील. पोचलात तर पार्किंग तुमचं."

"अगो, माझी इस्त्री..."

"इस्त्रीला कोण हात लावतंय?"

सगळा गाव शिट्ट्या मारू लागला, तेव्हा भाऊंना उतरावंच लागलं. समोर पोरी वाकून उभ्या. कुणी बोटही लावलं नाही, पण भाऊंनी घाबरून नारळ पुढे भिरकावला.

"फाऊल!" मासळी विकणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा ओरडल्या. नियम गावाला पाठ होता, हे तेव्हा कळलं. पार्किंग बारगळलं.

यंदा ताईला दुसऱ्या राज्यात प्रशिक्षकाची नोकरी लागली. निघताना मी विचारलं, "आता मैदानाचं काय?" तिने वळूनही न बघता नारळ माझ्याकडे टाकला. "तू मागं हायस ना?" माझा अंगठा अजून ठणकतोय.

ती गेली आणि मैदानात पार्किंगच्या कुंपणाचे खांब येऊन पडले. रविवारी सकाळी पोरी तिथेच खेळणार आहेत. तुम्हीही या, त्यांच्यामागे उभे राहा. गाडी मात्र रस्त्यावरच लावा.