सीताक्का आणि कलम तेवीस

भोरच्या प्रांत कार्यालयात मी कारकून होतो. एका दुपारी एका बाईंनी माझ्यापुढे अर्ज ठेवला. मी सवयीने शिक्का उचलला, तर बाईंनी कागदावर सरळ पंजाच ठेवला. "आदी वाचा, भाऊसाहेब. शिक्का मारायला म्या लिवलेला न्हाई." मागची रांग हसली. मी अर्ज वाचला. रागाने वाचला, पण वाचला.

या सीताक्का. विंझरच्या पुढच्या एका वाडीतल्या निवृत्त अंगणवाडी सेविका. काटकुळा बांधा, चष्म्याच्या काडीला दोरा आणि पिशवीत ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याची पुस्तिका. तिच्यात पेन्सिलीने इतक्या खुणा होत्या, की आमच्या कार्यालयातली कोरी करकरीत प्रत पाहून कोणालाही लाज वाटली असती. आम्हाला वाटली नाही.

अर्ज त्यांच्या शेजारच्या बबनरावांचा होता. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेलेले. मुलाने, विलासने, जमीन बक्षीसपत्राने स्वतःच्या नावावर करून घेतली, सारोळ्याजवळ हायवेला हॉटेल काढलं आणि बायकापोरांसह तिकडे राहायला गेला. घराला कुलूप लावलं. बापाला गोठ्यात ठेवलं आणि बाहेरून कडी घातली, म्हातारा कुठे पडू नये म्हणून! धारेला येणारा गडी एक दिवसाआड भाकरी टाकून जायचा. वाडीला सगळं ठाऊक होतं. सरपंचांच्या मते ती घरातली बाब होती. बापाच्या पंचाहत्तरीला याच विलासने फाट्यावर 'आमचे दैवत' असा फ्लेक्स लावला होता. वाऱ्याने तो फाटला, तर दुसऱ्या दिवशी नवा आला. बबनरावांचं धोतर मात्र महिना महिना बदललं जात नव्हतं.

मीही शहाणपणा केलाच. म्हणालो, "आक्का, समजुतीने मिटवा ना."

"समजूत?" त्यांनी मला चष्म्यावरून पाहिलं. "चार वर्सं म्हातारा पोटाची समजूतच घालतोय."

सुनावणीला विलास इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यात, बापाला धरून, वकील घेऊन आला. सीताक्कांनी पुस्तिका उघडून प्रांतसाहेबांपुढे धरली. "हितं वकील चालत न्हाई. कलम सतरा." साहेबांनी ते कलम दोनदा वाचलं आणि वकिलाला बाहेर जायला सांगितलं. विलास गळा दाटून म्हणाला, "साहेब, वडील मला देवासारखे आहेत."

"व्हय, देवासारकंच ठिवलंय," सीताक्का म्हणाल्या. "कुलूप लावून. आन दोन दिसांतनं एकदा निवद."

साहेबांनी बबनरावांना विचारलं, "बाबा, तुमची काही तक्रार आहे?"

"न्हाई," बबनराव म्हणाले. "पोरगं लई चांगलं हाय."

विलास हसला. हा जबाब मी लिहूनही घेणार होतो. तेवढ्यात सीताक्का उठल्या. "साहेब, पोराचा हात बापाच्या खांद्यावर हाय. त्यो काढा. एकट्याला इचारा."

साहेबांनी मला बबनरावांना शेजारच्या खोलीत न्यायला सांगितलं. मी त्यांना खुर्चीवर बसवलं. ते भिंत चाचपत राहिले.

"दार लावलं का?"

"लावलं, बाबा."

"भाईरनं का आतनं?"

मी कडी वाजवून दाखवली. "आतून. कडी माझ्या हाताशी आहे." मग ते बोलले. तीन पानं भरली. शेवटचं वाक्य होतं, "मला माघारी त्या गोठ्यात धाडू नका."

बक्षीसपत्रात 'सांभाळ करण्याच्या अटीवर' असे शब्द होते. विलासने वाचायचे कष्ट न घेता सही केलेल्या त्या कागदाची नक्कल सीताक्कांनी आधीच काढून आणली होती. ती अट मोडली म्हणून कलम तेवीसखाली बक्षीसपत्र रद्द झालं. जमीन परत बबनरावांच्या नावावर आली आणि घराचं कुलूपही निघालं. आदेशाची प्रत द्यायला मी मोठ्या ऐटीत स्वतः वाडीवर गेलो. शाबासकीची अपेक्षा होती. सीताक्का म्हणाल्या, "एवढं एक काम केलं म्हनून हार घालू का? पगार कशाचा घेता मग?"

त्यानंतर आमच्या कार्यालयाखालच्या दोन्ही तालुक्यांतल्या कितीतरी म्हाताऱ्यांचे अर्ज त्यांनी लिहिले. मी प्रत्येकाचा जबाब एकट्याचा घेत गेलो. वरून तसा आदेश कधीच आला नव्हता.

गेल्या वर्षी सीताक्का गेल्या. दशक्रियेला नदीकाठी गर्दी होती. आयुष्यभर त्यांना भांडखोर म्हणणारे सगळे माईकपुढे रांगेत उभे होते. विलासचाही नंबर लागला. आता तो निवडणुकीला उभा राहणार होता. "आक्का म्हणजे निराधारांची माउली," तो सुरू झाला. "त्यांचा वारसा आम्ही पुढे चालवू..."

माझ्या शेजारी बसलेले बबनराव काठी टेकत उठले.

"चला, भाऊसाहेब," ते मोठ्याने म्हणाले. "असलं ऐकाया तिनं मला जित्ता ठिवला न्हाई."

विलास क्षणभर अडखळला. मी बबनरावांचा हात धरला आणि आम्ही दोघं गर्दीतून वाट काढत घाटाच्या पायऱ्या चढू लागलो.