एकाच उंबरठ्यावर चार गृहप्रवेश

सेवेत असंख्य गुन्हे हाताळले. बहुतेकांचे तपशील आता पुसट झाले आहेत. घरखरेदीचे हे एक प्रकरण मात्र जसेच्या तसे आठवते. ते आठवू नये, अशी माझी इच्छा असते. संबंधितांची नावे देत नाही.

नवी मुंबईतील एका पोलीस ठाण्याचा मी वरिष्ठ निरीक्षक होतो. एका सोमवारी सकाळी तुर्भ्याच्या घाऊक बाजारात हमाली करणारे एक गृहस्थ पत्नीसह अर्ज घेऊन आले. मूळचे सातारा जिल्ह्यातले. निवृत्तीला आले होते. आयुष्यभराची शिल्लक देऊन त्यांनी एका एजंटामार्फत बेलापूरच्या बाजूला एका खोलीचे घर घेतले होते. गृहप्रवेश होऊन दोन महिने उलटले, तरी किल्ली हातात नव्हती.

"साहेब, किल्ली मागाय गेलं की म्हणतोय रंग चाललाय, मीटर यायचाय," ते म्हणाले.

"नोंदणी कार्यालयात गेला होतात?"

"न्हाई. त्यो म्हनला, मामा, एक खाडा कशाला पाडताय? सह्या-अंगठं खोलीवरच घेतो. टेन्शन तुमी घ्यायचंच नाय."

"पर पूजा झालीया साहेब," त्यांची पत्नी मध्येच म्हणाली. "म्या स्वतः दूध उतू घातलंय त्या घरात."

त्या दिवशी मंत्र्यांच्या दौऱ्याचा बंदोबस्त होता. मी अर्ज चाळला. व्यवहार, करारनामा, ताबा देण्यास विलंब. अशा अर्जांवर सर्रास मारला जातो तोच शेरा मी मारला: 'बाब दिवाणी स्वरूपाची. अर्जदाराने न्यायालयात दाद मागावी.' ठाणे अंमलदाराने तसे समजपत्र तयार केले. मी सही केली. ते घेऊन दोघे उठून गेले.

पाच महिन्यांनी एक गुरुजी माझ्याकडे आले. पन्नाशीचे, भिडस्त. खुर्चीच्या कडेवर बसून बराच वेळ उपरण्याचे टोक चाळवत राहिले.

"साहेब, एकाच घरात मी चार वेळा वास्तुपूजन केलं आहे," ते अखेर म्हणाले. "प्रत्येक वेळी यजमान वेगळे."

"दुसऱ्या वेळी विचारलं नाहीत?"

"विचारलं. एजंट म्हणाला, पहिल्यांचं कर्ज नामंजूर झालं. तिसऱ्या वेळीही तेच सांगितलं. परवा चौथ्या पूजेला गेलो, तर ओट्यावर आधीच्या दुधाचा डाग तसाच होता. नव्या बाईंनी तो स्वतः पुसला आणि शेगडी ठेवली. मग मला राहवेना."

दक्षिणा मात्र त्यांनी चारही वेळा घेतली होती. हे त्यांनीच खाली मान घालून सांगितले. त्यांच्याकडे संकल्पाची वही होती. प्रत्येक यजमानाचे नाव, गोत्र, पूजेच्या घराचा पत्ता आणि तिथी त्यात लिहिलेली. ज्यांना गोत्र ठाऊक नसेल, त्यांच्यापुढे काश्यप. पहिले नाव त्या हमाल गृहस्थांचे होते.

त्याच दिवशी गुन्हा नोंदवला. दुय्यम निबंधक कार्यालयातून खात्री केली. चारपैकी एकही करारनामा नोंदवलेला नव्हता. नोंदणी झाल्याचा पुरावा म्हणून एजंटाने दिलेले सूचीचे उतारे बनावट होते. घर आखातात नोकरी करणाऱ्या एका माणसाचे निघाले. आरोपीने ते अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर घेतले होते. विकण्यासारखे त्याच्याकडे काहीच नव्हते. त्याने विकला तो निवांतपणा. कागद आम्ही करतो, कर्जाचे आम्ही बघतो, पूजेची तयारीही आमच्याकडे. घर घेताना माणूस धास्तावलेला असतो. त्या अवस्थेत कोणी भार उचलू लागले, तर तो प्रश्न विचारत नाही. शिवाय पूजा झाली म्हणजे ताबा मिळाला, हे आपल्या लोकांच्या मनात पक्के बसलेले. नोंदणी कार्यालयात अधिकाऱ्यासमोर अंगठा आणि छायाचित्र का घेतात, हे चौघांपैकी एकालाही माहीत नव्हते.

आरोपीला त्याच्या कार्यालयातच ताब्यात घेतले. तेव्हा तो एका नव्या ग्राहकाला चहा पाजत होता.

चौकशीत तो शांत होता. वय पस्तीसच्या आसपास, इस्त्रीचा शर्ट, बोलणे गोड.

"माझा व्यवहार एकाच पार्टीशी झालाय, साहेब. बाकीचे नुसते घर बघून गेले."

मी वही त्याच्यापुढे उघडून ठेवली. चार नावे, चार गोत्रे, घर क्रमांक एकच. त्याने वाचले आणि पाणी मागितले.

"भटजी हे सगळं लिहून ठेवतो, हे मला काय माहीत," तो म्हणाला. त्यानंतर त्याने सगळे सांगितले.

"शेवटच्या बाईंना शंका आली नाही?" मी विचारले. त्या निवृत्त शिक्षिका होत्या.

"आली ना. त्यांनी सरळ विचारलं, तुमच्यावर काही तक्रार आहे का? मग मी त्यांना कागद दाखवला."

"कोणता कागद?"

"फाइलमध्ये आहे, साहेब. तुमचाच आहे."

झडतीत तो मिळाला. माझ्या सहीचे समजपत्र, प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट केलेले. हमाल गृहस्थ ते घेऊन त्याला जाब विचारायला गेले होते. त्याने झेरॉक्सच्या निमित्ताने ते ठेवून घेतले, आणि पुढच्या प्रत्येक ग्राहकाला दाखवले: पोलिसांनी चौकशी केली, काही निघाले नाही. मी वहीतल्या तिथ्या पडताळून पाहिल्या. चारपैकी तीन गृहप्रवेश माझ्या सहीनंतरचे होते.

पंचनाम्यात तो कागद नोंदवला. न्यायालयात बचाव पक्षाच्या वकिलांनी नेमका तोच माझ्यापुढे धरला.

"ही सही आपली?"

"होय."

"चौकशी करून केली होती?"

"नाही."

घर मूळ मालकाकडे गेले. त्याचा काही दोष नव्हता. चौघांनी दिलेली रक्कम आरोपीने केव्हाच उडवली होती. खटला मी निवृत्त झालो तरी संपला नव्हता. साक्षीच्या दिवशी बाहेर ते हमाल गृहस्थ भेटले. पत्नी सोबत नव्हती.

"गावी धाडली तिला," ते म्हणाले. "खोलीचं भाडं झेपंना. साहेब, तुमी आत खरं बोललासा. पर घर काय आता होत न्हाई आमचं."

एवढे बोलून ते बसथांब्याकडे चालू लागले.

ओळखीतले कोणी घर घेणार असले, की मला सल्ला विचारतात. मी सांगतो, नोंदणी कार्यालयात स्वतः जा, रांगेत उभे राहा, एक दिवस बुडू द्या. ते मान डोलावतात आणि सगळे करून देणारा माणूस शोधतात. त्यांना बोल लावण्याचा अधिकार मला नाही. मीही तेच केले. त्रास वाचवायचा होता, म्हणून हातातला अर्ज दुसऱ्या दाराकडे ढकलला. 'दिवाणी स्वरूप' लिहायला अर्धे मिनिट पुरते. कागद घेऊन अर्जदार उठतो, तेव्हा निदान मान वर करून त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे, एवढे तरी अधिकाऱ्याला जमायला हवे. त्या सोमवारी मी पाहिले नाही.