व्याकरणाच्या बाई

धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या व्याकरणाच्या बाईंपुढे अर्धं वाक्य चालत नसे. भाजीवाल्यानं "मेथी ताजी शे" म्हटलं की बाई हसून म्हणत, "ताजी आहे, असं तुला वाटतं." शाळेतून निवृत्त झाल्या, पण खोड गेली नाही.

माझी जुई तेव्हा सात वर्षांची. स्वमग्न. दोन शब्दांपलीकडे बोलत नसे. कुणीतरी सुचवलं म्हणून मी तिला बाईंकडे नेऊ लागले.

बाईंचा एकच खेळ. त्यांचे यजमान, नाना, टेबलावर चष्मा ठेवून अंगणात जात. बाई तो जुईदेखत कपाटात ठेवत. "नाना चष्मा कुठे शोधतील?" जुई म्हणे, "कपाटात." नानांना ते ठाऊक नाही, हे तिच्या गावीही नसे. बाई तिला चूक म्हणत नसत. सावकाश सांगत, "नानांना वाटतं की चष्मा टेबलावर आहे," आणि तिच्याकडून म्हणवून घेत. नाना बिचारे पुन्हा आत येत, पुन्हा बाहेर जात.

"आधी वाक्य जिभेवर बसू दे," बाई म्हणत. "दुसऱ्याला आपल्यापेक्षा वेगळं वाटू शकतं, हे धरायला तिला काहीतरी हवं ना!"

मला धीर नव्हता. पोट दुखतंय हे सांगता न येणाऱ्या मुलीला हे कशाला? आठ महिन्यांनी यांची जळगावला बदली झाली. निघताना मी बोलून गेले, "बाई, वेळ फुकट गेला हो." जुईची सुटलेली वेणी घालत त्या म्हणाल्या, "तसं वाटणारच तुम्हाला."

दोन वर्षांनी पहूरहून माझ्या आईच्या दुखण्याचा फोन आला. मी स्वयंपाकघरात रडत होते. यांनी विचारलं, तेव्हा समोरच्या कांद्यावर ढकललं. जुई दारात उभी होती. म्हणाली, "बाबांना वाटतं की कांदा आहे. आई रडते."

मी सुरी खाली ठेवली. हे बाईंमुळे झालं की वयामुळे, मला सांगता येणार नाही. पण वाक्य बाईंचं होतं.

त्याच संध्याकाळी धुळ्याला फोन लावला. नानांनी उचलला. "ती गेली, माय. दिवाळीनंतर."

मी जुईचं सांगितलं. ते म्हणाले, "फार आठवण काढायची पोरीची. मी म्हणायचो, लाव ना फोन. तर म्हणायची, नको, तिच्या आईला अवघडल्यासारखं होईल."

बाईंनी माझ्या मनाचा एवढा विचार केला होता. त्यांना काय वाटलं असेल, हे दोन वर्षांत माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.