तुपातली गोळी

माझ्याकडं परवान्याची ठासणीची बंदूक हाय आन् तिच्यापासून कुणालाही धोका न्हाई.

उसात रानडुकरं शिरतात म्हणून वडलांनी ती घेतलेली. दर खंडेनवमीला तिची पूजा करायची आन् बांधाखालच्या मातीच्या ढिगावर एक बार काढायचा, ही आमच्या घरची रीत. शिशाची गोळी मी ओतायचो आन् तिला वंगण चोळायची आमची कारभारीण, मंदा. मेण किती, तेल किती, ते तिलाच ठाऊक. मंदा गेली त्याला दोन वर्षं झाली. तवापासून बार बंद, आन् सणाला पुण्याहून पोराचं येणंही बंद.

औंदा मीच फोन लावला. "सुनील, नवमीला बार काढणार हाय. छकुलीला घेऊन ये."

"खरंच आबा? मग येतो की!"

झालं! आता बार नीट झालाच पायजे. न्हाईतर पुढच्या वर्षी कोण येतंय इकडं?

मासे धरायच्या जुन्या जाळ्याचं शिसं वितळवून साच्यात ओतलं. पहिली गोळी निघाली शेंगदाण्यासारखी! दुसरी मात्र गोल. सवयीनं हात मागं केला, "घे गं, चोळ." हात तसाच राहिला. मागं फक्त मनी मांजर. लई एकटं वाटलं, खोटं कशाला बोलू?

घरात मेण न्हाई, तळेगावचा बाजार तीन दिवसांवर आन् नवमी तर उद्यावर. म्हटलं, साजूक तुपाला काय झालंय? चांगलं बोटभर थापलं! (मंदा असती तर आधी तुपासाठी ओरडली असती.)

नवमीला सगळी आली. शेजारचे रशीदमामा तर खुर्ची घेऊनच आले. मी बार ठासला, बंदूक खांद्यावर उभी धरली आन् नातीला, छकुलीला, माझ्या वडलांचा पराक्रम सांगायला लागलो. भर उन्हात, अर्धा तास!

"आबा, भाषण आवरा, बार काढा!" रशीदमामा ओरडले.

नळी खाली ढिगाकडं वळवली, चाप ओढला. धडाम्! धूरच धूर! आन् त्या धुरातून तुपाचा घमघमाट.

"आबा, बार काढला का शिरा परतला?" रशीदमामांनी इचारलं.

ढिगाला भोक न्हाई. छकुली माझ्या पायाशी वाकली. "आजोबा, गोळी इथंच पडलीये! मनी चाटतेय!"

उन्हानं तूप पातळ झालेलं. नळी खाली केली तशी गोळी घरंगळून बाहेर!

सुनील हसून हसून मटकन खालीच बसला. "आबा, मेण जास्त, तेल थोडं! आईनं मला शिकवलं होतं."

"मग दर नवमीला येऊन तूच चोळ."

"त्याला यायला कशाला पायजे? प्रमाण मेसेजवर धाडतो."

दुसऱ्या दिवशी धाडलंसुद्धा, चमच्याच्या मापासकट. मी लगेच कळवलं, "मला मोबाईलवरचं अक्षर वाचता येत न्हाई. तूच ये."

आन् हे कळवलं मोबाईलवरच, स्वतः टाइप करून!