मी उपटलेलं अंजीर

पाळकसाहेबांनी एका रविवारच्या संदेशाची जबाबदारी माझ्यावर टाकली, ती माझं ज्ञान बघून नव्हे. ते गावाला जाणार होते आणि मंडळीत सगळ्यात रिकामटेकडा मीच होतो. विषय होता अंजिराच्या झाडाचा दाखला. डहाळी मऊ पडून पालवी फुटली की उन्हाळा जवळ आला हे तुम्हाला कळतं, तशाच बाकीच्या खुणाही ओळखा, असं प्रभू येशू शिष्यांना सांगतो. मी चार पानं लिहून काढली. त्यात लढाया होत्या, भूकंप होते, मोबाइलसुद्धा होता. झाड मात्र पहिल्या ओळीनंतर कुठंच नव्हतं.

खरं तर अंजीर शाहूपुरीतल्या आमच्याच गच्चीवर होतं, अर्ध्या कापलेल्या पिंपात. कोडोलीला सासूबाईंच्या घरामागच्या परड्यात त्याचं मोठं झाड होतं. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या आणि मेव्हण्यानं स्लॅबचं घर बांधताना ते तोडलं. त्याआधी बायकोनं एक फांदी आणून लावलेली, तेवढीच आईची म्हणून तिच्याकडं उरली. सकाळचा चहा ती त्या पिंपाशेजारी उभी राहून प्यायची. मी हसायचो.

जानेवारीत संदेश लिहून झाला आणि माझ्या अंगात उत्साह संचारला. गच्ची साफ करायला घेतली. पिंपात नुसती काटकी उभी, एक पान नाही. वाळलं म्हटलं, आणि मुळासकट उपटून घंटागाडीत टाकून आलो. बायको मंडईतून आली तेव्हा मीच मोठ्या कौतुकानं तिला ते सांगितलं.

ती भाजीच्या पिशवीसकट खाली बसली.

"नखानं साल खरवडून बघितलासा का? आतनं हिरवं असतंय. थंडीत पानं झडत्यात त्याची. दर वर्षी झडत्यात."

दर वर्षी! मी बनियनवरच स्कूटर काढली. तिसऱ्या गल्लीत घंटागाडी सापडली. ड्रायव्हर म्हणाला, "पावणं, लोक कचरा टाकायला पळत्यात. न्ह्यायला पळत आलेला माणूस पहिल्यांदाच बघतोय." मी कोथिंबिरीच्या काड्या आणि मटणाची हाडं उपसून झाड बाहेर काढलं. निम्मी मुळं तुटली होती. गल्लीतली माणसं दारात येऊन बघत होती आणि त्यांतले दोघे आमच्याच मंडळीतले होते.

बायकोनं ते परत लावलं. माती दाबता दाबता म्हणाली, "जितं झाड मेलं म्हणून उपटलासा. आणि माझ्या आईची भाकरी सुटलेली, ती जायलाच लागलेली, तर थंडीचा खोकला हाय, रविवार झाला की जाऊ म्हणालासा."

त्या रविवारी उपासनेत माझी पेटी वाजवायची पाळी होती. सासूबाई शनिवारी गेल्या. दोन वर्षांत बायकोनं हे एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. मला फार लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली, की आता हे झाडही माझ्या हातून गेलं तर?

संदेशाच्या दिवशी चारही पानं खिशातच राहिली. हा दाखला मला कळलेला नाही असं सांगून मी घंटागाडीची हकीकत सांगितली आणि खाली बसलो. उपासना लवकर सुटल्यानं मंडळी खूश होती. एका आजोबांनी सलाम करून हात दाबला. "असाच संदेश देत जावा," म्हणाले.

त्यानंतर मी रोज चष्मा लावून पिंपापुढं बसायचो. नखानं खरवडायचा धीर होत नव्हता. फेब्रुवारी संपत आला तरी काटकी ती काटकीच. मग एका सकाळी बुंध्यापाशी हिरवा ठिपका दिसला. मी एवढ्यांदा ओरडलो की बायको पिठाच्या हातांनी वर धावत आली. तिनं पिंपाकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघितलं.

"चार दिस झाले की त्याला," ती म्हणाली. "तुमास्नी कधी दिसतंय, तेवढंच बघायचं हुतं."