शेजारच्या काकांचं आरोपपत्र

आनंद नगरात आमच्या शेजारी राहणारे काका सरकारी कारखान्यात फिटर. दर वाक्याआधी "देख भाऊ" म्हणायचे आणि चहा बशीत ओतून फुंकत प्यायचे. ड्यूटीवर झोपल्याबद्दल त्यांना आरोपपत्र मिळालं, तर ते लग्नपत्रिकेसारखं जपत माझ्याकडे घेऊन आले.

"देख भाऊ, पंधरा दिवसांत उत्तर द्यायचंय. मग चौकशी होणार, साक्षीदार येणार, युनियनवाला माझ्या बाजूनं बोलणार. तुझं अक्षर चांगलंय, तूच लिही."

मी लिहून दिलं, पण आतून जळत होतो. गेल्याच महिन्यात माझ्या खासगी कंपनीच्या गेटवर चौकीदारानं मला सांगितलं होतं, "कल से मत आना."

कागदाची घडी घालत काकांनी विचारलं, "तुला काढलं, तेव्हा तुझ्या आरोपपत्रात काय लिहिलं होतं रे?"