भोंगाबाईंची दोरी

मुलुंडच्या कारखान्याचा भोंगा एखाद्या दिवशी बंद पडला असता, तरी आमचं काही अडलं नसतं. आमच्याकडे बाई होत्या. नळावर कुणी रांग मोडली की त्या पार छावणीच्या फाटकातून ओरडत, "ए हिरव्या पदराची, माघारी जा!" आणि नळावरच्या निम्म्या बायका दचकून आपापले पदर बघत. होत्या त्या सरकारी नर्सबाई, पण छावणीने त्यांची भोंगाबाई करून टाकली होती. त्यांनाही ते नाव आवडायचं. "मरोळची हाय मी. भातावरची पाखरं हाकलून गळा कमावलाय," असं त्या ऐटीत सांगत.

छावणी फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची. जुन्या लष्करी बराकी, आणि एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून थाटलेले कितीतरी संसार. एकाला शिंक आली की शेजारच्या संसारातली भांडी हलायची! मी तिथल्या शाळेत मराठी शिकवत होते. सत्तावन्न साली जगभर फिरत फिरत तो फ्ल्यू मुंबईत उतरला, शाळा बंद झाली, आणि घरी बसायचं सोडून मी बाईंच्या मागे धावू लागले. काय दिवस होते ते! भीती वाटायची, नाही असं नाही. पण बाई बरोबर असल्या की घाबरायला सवड मिळत नसे.

सिंधी घरात पाऊल टाकलं की पहिल्यांदा पापड आणि पाणी पुढे येतं. नको म्हणणं म्हणजे घराचा अपमान. आणि बाई तर रोज प्रत्येक दारात जायच्या! एकच पेला घरभर फिरतो हे त्यांनी पहिल्याच दिवशी हेरलं होतं. त्या पापड हातात घेऊन कपाळाला लावायच्या, परत थाळीत ठेवायच्या आणि म्हणायच्या, "साथ संपली की खाईन. तुझाच काय, सगळ्यांचे खाईन. आधी तो पेला उकळत्या पाण्यात टाक." माणसं हसायची आणि ऐकायची.

पण सुरुवातीला बाईंनीही सपशेल मार खाल्ला. आजाऱ्याच्या घरात कुणी जाऊ नये म्हणून त्यांनी अशा प्रत्येक दारावर गेरूची ठसठशीत फुली मारली. संध्याकाळी येऊन बघतो तर काय, फुली असलेल्या प्रत्येक दाराबाहेर चपलांचा ढीग! आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे नातं तोडणं, आणि आजारी कुठे आहे ते शोधायचे कष्ट बाईंनीच वाचवले होते. एक आजी तर मला प्रेमाने म्हणाल्या, "बहुत अच्छा किया, बेटी. पहले पूछना पड़ता था." बाई कपाळाला हात लावून पायरीवर बसल्या. "माझीच अक्कल गेली चरायला," त्या म्हणाल्या, आणि मग आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

हसू फार टिकलं नाही. तिसऱ्या बराकीतल्या दादांच्या घरी बायको तापाने फणफणली होती, आणि मधल्या गोणपाटापलीकडे त्यांची सून गोपी दिवस भरत आलेली. दादा म्हणजे छावणीतलं वडीलधारं माणूस. त्यांचा शब्द सगळे मानत. बायकोला भेटायला माणसांची रीघ लागली होती, आणि आलेला प्रत्येक जण गोपीच्याही डोक्यावर हात ठेवून जायचा. "ह्या पोरीला ताप आला तर माय-लेकरू दोघांचं खरं नाय," बाई मला म्हणाल्या. त्यांनी दादांना सांगितलं, आजारी माणसांना शाळेत हलवू, भेटणं बंद करू. दादा म्हणाले, "बाई, घर छोड़ा, ज़मीन छोड़ी. अब आना-जाना भी छोड़ दें? फिर हमारा बचा क्या?"

दुसऱ्या दिवशी बाई विहिरीचा दोर खांद्यावर टाकून आल्या आणि तो त्यांनी शाळेच्या अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधला. "भेटा! रोज संध्याकाळी भेटा. पण दोरीच्या पलीकडून. नि दोन माणसांच्या मध्ये एक खाट मावली पाहिजे." दादांनी दोरी हाताने ओढून पाहिली, मान हलवली आणि बायकोला स्वतः शाळेत आणून सोडलं.

मग सुरू झाली ती जत्रा! आजारी खिडकीत, नातेवाईक दोरीपाशी, आणि मधल्या अंगणातून आरोळ्यांची नुसती ये-जा. ताप किती, पोटात काय गेलं, सुनेने खिचडी करपवली, सगळं जाहीर! ज्यांचा आवाज पोचत नसे त्यांचे निरोप बाई पोचवायच्या. आणि एका दुपारी तिसऱ्या बराकीच्या दारातून, मधली सगळी छपरं ओलांडून, बाईंचा आवाज शाळेवर येऊन आदळला, "आजीबाई! मुलगी झाली! दोघी ठणठणीत हायत!" खिडकीत दादांची बायको रडत टाळ्या वाजवत होती. मी तर अंगणात चक्क उड्या मारल्या.

साथ ओसरता ओसरता बाईच आडव्या पडल्या. ताप चढला आणि गळा पार बसला. ओठ हलायचे, आवाज निघेना. शाळेच्या कोपऱ्यातल्या वर्गात त्यांची खाट टाकली. त्या संध्याकाळी दोरीपाशी सगळी छावणी उभी राहिली, मध्ये खाट मावेल इतकी जागा ठेवून. पण ओरडायचं कुणाला सुचेना. सगळ्यांचे निरोप पोचवणारी बाईच खिडकीच्या आत होती ना! तेवढ्यात बायकांमधून एक आवाज उठला, चिरका आणि उंच, "बाई! कैसी हो? बाई, बोलो!" ती गोपी होती. सासऱ्यासमोर कधी ओठ न हलवलेली गोपी! दादांनी वळून पाहिलं. मग डोक्यावरची टोपी सारखी करून तेही तिच्या पाठोपाठ ओरडले, "बाई, बोलो!" आणि आतून जेवणाची थाळी डावाने बडवल्याचा आवाज आला. असा दणदणीत की कावळे उडाले. आम्ही सगळे एकदम ओरडलो. मी रडत होते आणि ओरडतही होते.

बाई बऱ्या झाल्या, पण तो आवाज पुन्हा आला नाही. पुढे त्यांची घाटकोपरला बदली झाली. निघायच्या दिवशी त्या घोगऱ्या गळ्याने मला म्हणाल्या, "चल, कबूल केलंय." आणि पहिल्या बराकीपासून त्या पापड खात निघाल्या. तिसऱ्या बराकीशी गोपी मुलीला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी होती. पुढे यावं की नाही, तिला कळेना. बाईंनी पदर खोचला, तिच्या दारात फतकल मारली आणि मुलीसाठी दोन्ही हात पसरले.

"आण गं पापड," त्या म्हणाल्या. "आज दोरी नाय."